जास्वंदीचा हिशेब



जास्वंदीचे फूल जैनांना खायला चालते का, हा प्रश्न गेल्या महिन्याभरात मला तिघींनी विचारला. धाकट्या सुनेने मोबाईलवर कुठेतरी लाल रंगाचा चहा पाहिला होता. मंदिरात भेटणाऱ्या मैत्रिणीला कोणीतरी सांगितले होते की त्याने रक्तदाब उतरतो. आणि सांगलीच्या माझ्या थोरल्या बहिणीने तर विचारलेच नाही, फोनवर बजावलेच, "फूल खायचे नाही, माहीत आहे ना तुला?"

तिघींना वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे म्हटले. माझे मत आधीच सांगते. ज्यांनी फुलांचा त्याग केला आहे त्यांनी तो पाळावा, त्यात पळवाटा शोधू नयेत. ज्यांनी केलेला नाही त्यांनी घरची जास्वंद मोजून-मापून खायला माझी हरकत नाही. पण आपण सगळ्या जणी पाकळी खावी की नाही यावर वाद घालत बसतो आणि त्या झाडावर काय फवारले याकडे बघतच नाही. माझ्या मते खरी हिंसा तिथे आहे.

पहिल्यांदा एक घोटाळा दूर करते. दुकानात 'हिबिस्कस टी' म्हणून जे पाकीट मिळते त्यात सहसा आपली जास्वंद नसते. ती लाल अंबाडीची बोंडे असतात, म्हणजे फूल गळून गेल्यावर त्याच्याभोवती उरणारे लाल, मांसल, आंबट आवरण. जास्वंद आणि अंबाडी एकाच कुळातल्या, बहिणी म्हणा. भेंडी आणि कपाशीसुद्धा त्याच घरातल्या. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींची नावे लावली तेव्हा भेंडीलाही हिबिस्कसच म्हटले होते. जास्वंदीचे पान चुरगळले की हाताला जो बुळबुळीतपणा लागतो तो भेंडीचाच, हे आपल्याला शास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही.

रक्तदाबाचा जो अभ्यास सगळीकडे फिरतो तोही अंबाडीच्या बोंडांचा आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. ज्यांचा रक्तदाब थोडासा वाढलेला होता अशा ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला आणि बाकीच्यांना तसाच दिसणारा दुसरा लाल पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला, दुसऱ्यांचा एकाच्या आसपास. म्हणजे गुण आहे, पण तो अंबाडीला आहे आणि बेताचा आहे. कुंडीतल्या जास्वंदीचे चार कप पिऊन गोळी बंद करणाऱ्या मैत्रिणींनो, कृपा करून असे करू नका. आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी अंबाडीचा चहासुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला जास्वंद देऊ नये, हे आपल्या आज्याही सांगत आल्या आहेत.

अंबाडीची भाजी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. बोंडांची चटणी होते, सरबत होते. ज्यांना तो आंबट लाल चहा हवाच आहे त्यांनी परदेशी नावाचे महाग पाकीट घेण्यापेक्षा बोंडांच्या दिवसांत बाजारात अंबाडीवालीला विचारावे.

आता शास्त्राकडे येते. ताईचे म्हणणे हवेतले नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात, भोग-उपभोगाची मर्यादा सांगताना, श्रावकाने काय सोडावे याची यादी येते. त्यात मुळा आहे, ओले आले आहे, लोणी आहे आणि दोन फुलेही आहेत, कडुनिंबाचे आणि केतकीचे. कारणही तिथेच दिले आहे, की या वस्तूंत फळ थोडे आणि घात फार. कडुनिंबाचे फूल हे फक्त उदाहरण आहे, त्यात सगळी फुले आली, असा अर्थ जुन्या टीकेतही लावलेला आहे. ताई त्याच वाटेने चालते. तिच्या स्वयंपाकघरात फ्लॉवर येत नाही, शेवग्याची फुले येत नाहीत, केळफूल येत नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही, कारण ती जे बोलते ते पाळते.

पण मला त्या यादीपेक्षा तिथे दिलेले कारण फार मोलाचे वाटते. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे असेल. फळ किती आणि घात किती, हे दोन्ही रकान्यांत लिहून मग निर्णय करायचा, ही पद्धत आचार्यांनी शिकवली. आणि हिशेब मांडायचा तर सगळ्यांचा मांडावा लागतो. लवंग म्हणजे काय? न उमललेली, वाळवलेली कळी. केशर म्हणजे काय? फुलाच्या आतले तीन तंतू. एक ग्रॅम केशर व्हायला दीडशेच्या आसपास फुले खुडावी लागतात आणि ते झाड कंदापासून येते. तरी श्रीखंडात केशर घालताना आपला हात अडखळत नाही. आपल्या दिगंबरांत जे तेरापंथी आहेत ते पूजेत फूल वाहत नाहीत, फुलाच्या जागी रंगवलेले तांदूळ वाहतात. ते पिवळे करायला केशर घेतले तर फूल टाळण्यासाठी फुलेच लागली! मी थट्टा करत नाही. वाळलेल्या वस्तूला वेगळा नियम आहे, मला ठाऊक आहे. एवढेच म्हणते की 'फूल' या शब्दावर अडून बसले तर हिशेब पुरा होत नाही.

पूजेतही सगळ्यांचे एक नाही. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात बीसपंथी परंपरेत भगवंताला फुले वाहतात. श्वेतांबर मूर्तिपूजकांत वाहतात, पण पाकळी तोडू नये, फूल सुईने ओवू नये असे सांगतात. स्थानकवासींत मूर्तिपूजाच नाही. एकच अहिंसा, पण हात कुठे थांबवायचा याच्या जागा वेगवेगळ्या. त्यामुळे जास्वंदीबद्दल 'जैन धर्म असे सांगतो' असे एका वाक्यात कोणी सांगितले, की मी विचारते, कोणत्या परंपरेत, कोणत्या व्रताच्या माणसासाठी?

बऱ्याच मंदिरांत लेश्यांचे चित्र असते. जांभळाचे झाड आणि सहा भुकेली माणसे. एक मुळासकट झाड तोडायला निघतो, दुसरा बुंधा, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली उचलतो. भूक सगळ्यांना सारखीच. जांभळे खायची नाहीत असे त्या चित्रात कोणी सांगत नाही. खाण्यासाठी तुम्ही किती मोडता, एवढेच ते विचारते.

जास्वंदीला हा प्रश्न विचारणे सोपे आहे, कारण तिचे आयुष्यच एका दिवसाचे. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटायला लागते आणि मग गुंडाळी होऊन देठासकट गळून पडते. थंडीत फार तर दुसरा दिवस पाहते. सहाव्या माणसासारखे पडलेले फूल उचलावे तर तोवर त्यात मुंग्या शिरलेल्या असतात, ते खाणे जास्त वाईट. म्हणून मी मधली वेळ धरते. दुपारी चारच्या सुमारास, फूल मिटायच्या आत. सकाळी त्यावर मधमाश्या येतात, शिंजीर पक्षी येतो. पनवेलपासून कर्नाळ्याचे अभयारण्य जवळ, त्यामुळे इमारती कितीही वाढल्या तरी हे पाहुणे अजून येतात. त्यांचे घेऊन झाल्यावर, आणि फुलाचा दिवस सरत आला की मग आपण घ्यावे. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या घराला ही वेळ अगदी सोयीची पडते.

फूल खुडताना देठावर झटका देत नाही. आधी हलकेच टिचकी मारते, आतली मुंगी किंवा चिलट बाहेर पडायला वेळ देते. मग पाकळ्या तेवढ्या अलग करते. खालचा हिरवा पेला आणि मधली परागाची दांडी खायची नाही. परागाने काहींचा घसा खवखवतो आणि बारीक जीव लपतात ते तिथेच. प्रत्येक पाकळी दोन्ही बाजूंनी उजेडात बघायची, मग गाळलेल्या पाण्यातून काढायची. लाल, साधी, पाच पाकळ्यांची जास्वंदच घ्यावी. दुहेरी, गच्च पाकळ्यांची घेऊ नये, तिच्या घड्यांत काय आहे ते दिसत नाही. फ्लॉवर आपण ज्या कारणासाठी टाळतो तेच कारण इथे लागू होते.

आता करायचे काय? माझ्या घरी तीनच प्रकार होतात.

सरबत. आठ फुलांच्या पाकळ्या, दोन कप पाणी. पाणी उकळून गॅस बंद करावा, पाकळ्या घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. पाकळ्यांचा रंग उतरतो आणि पाणी जांभळट, काळपट दिसते. घाबरू नका. गाळून त्यात अर्धे लिंबू पिळले की डोळ्यांदेखत माणकासारखे लाल होते. नातवंडांना हे दाखवायला मजा येते. फुलातल्या रंगाचा हा गुण आहे, आंबटाने लाल होतो आणि सोड्याने निळा-हिरवा. तीन-चार चमचे साखर, चिमूटभर काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बहुतेक पाककृतींत मध घाला म्हणतात. आपल्याकडे मध वर्ज्य, साखर किंवा खडीसाखर घालावी. चवीला जास्वंद जवळजवळ काहीच नसते, चव लिंबाची आणि जिऱ्याची. हे सांगून ठेवते, नाहीतर फार अपेक्षा धराल.

चटणी. मूठभर पाकळ्या, वाटीभर ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्या, जिरे, मीठ, लिंबाचा रस. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम, नाहीतर मिक्सर. पाकळीच्या बुळबुळीतपणाने चटणी मिळून येते. वाटल्यावर लगेच खायची, उद्यासाठी ठेवायची नाही.

घावन. हे कोकणाने शिकवले. तांदळाच्या पिठात मीठ, जिरे, बारीक चिरलेल्या पाकळ्या आणि जास्वंदीची दोन-तीन कोवळी पाने वाटून घालायची. पानामुळे घावन मऊ होते. माझ्या माहेरी कर्नाटकाच्या सीमेजवळ जास्वंदीला दासवाळ म्हणतात आणि तिकडे हीच पाने डोशाच्या पिठात वाटून घालतात. पण ते पीठ रात्रभर आंबवावे लागते. घावनाला आंबवणे नाही, म्हणून मला घावनच बरे वाटते.

अष्टमी-चतुर्दशीला यातले काही होत नाही, हे वेगळे सांगायला नको. वाळवून बरणी भरून ठेवणेही मी करत नाही. पनवेलच्या दमट हवेत पाकळी धड वाळत नाही, बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे पुन्हा अनंत जीवांचा प्रश्न.

आता लावण्याबद्दल. साधी लाल जास्वंद क्वचितच बी धरते, ती फांदीपासूनच लावायची. जून-जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली फांदी घ्यावी. खालची पाने काढून टाकावी, दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी आणि सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरते. फांदी शेजारणीकडून मागून आणावी. नर्सरीतून झाड आणले तर पहिले दोन-तीन महिने त्याची फुले खाऊ नयेत. विक्रीची झाडे फवारलेली असतात आणि काही औषधे झाडाच्या अंगात भिनतात. बाजारातल्या हारातली जास्वंद तर कधीच खाऊ नये.

कुंडी बारा-चौदा इंचांची, खाली भोक मोठे. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, पाणी साचले की मूळ कुजते. पाच-सहा तास ऊन हवे. ऊन नसेल तर पाने छान येतात, फुले येत नाहीत. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून पावसाळा संपला की शेंडे छाटावेत.

खताच्या बाबतीत आपल्याला फार सावध राहावे लागते. फुलझाडांसाठी जे तयार मिश्रण मिळते त्यात पुष्कळदा हाडांची पूड असते, पिशवीवर बारीक अक्षरात 'बोनमील' लिहिलेले असते. विचारून घ्या. ज्या घरात जिलेटिन आहे का म्हणून आपण चॉकलेटचे पाकीट उलटून वाचतो, त्या घरातल्या कुंडीत हाडे घालायची? बागकामाचे व्हिडिओ सांगतात, कांद्याच्या साली भिजवून ते पाणी घाला. आपल्या घरी कांदाच नाही! केळीच्या साली चार दिवस पाण्यात कुजवा म्हणतात, त्या पाण्यात काय काय पैदा होते ते बघवत नाही. मी पूर्ण वाळलेले जुने शेणखत आणि निंबोळी पेंड वापरते, तेही महिन्यातून एकदा, थोडेसे. कमी फुले येतात. चालते.

आणि आता मुख्य मुद्दा. जास्वंद लावली की आज ना उद्या पिठ्या ढेकूण येणार. फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, तो जिवंत असतो. त्याच्यातून गोड चिकटा गळतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याची राखण करतात. पाने आकसतात, कळ्या गळतात. पाकळी हा एकेंद्रिय जीवाचा भाग. पण हे ढेकूण आणि या मुंग्या त्रस जीव आहेत, आणि श्रावकाची पहिली प्रतिज्ञा त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा न करण्याची आहे. घरकामात नकळत होते ती आरंभी हिंसा, ती गृहस्थाला पूर्ण चुकत नाही. पण हातात बाटली घेऊन, नेम धरून, मारायच्या हेतूने फवारणे याला मी आरंभी म्हणू शकत नाही. चार फुलांच्या सरबतासाठी तर नाहीच.

इथे एक शब्द मोठा फसवा आहे, 'ऑरगॅनिक'. कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे पाणी फवारा, ते नैसर्गिक आहे, असे आपल्याच मैत्रिणी मला सांगतात. माणसाला ते कमी बाधते हे खरे. पण साबणाच्या पाण्याने ढेकूण मरतोच, त्यासाठीच ते फवारतात. नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे या ढेकणांना खाणारे किडे सोडणे. १९९४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर जास्वंदीच्या गुलाबी पिठ्या ढेकणाने बागा आणि पिके उद्ध्वस्त करायला सुरुवात केली, तेव्हा बाहेरून गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक आणि ढेकूण खाणारे भुंगे आणून सोडले आणि साथ आटोक्यात आली. देशाच्या शेतीचा प्रश्न होता, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण माझ्या गॅलरीत मी पैसे देऊन ढेकूण खाणारे भुंगे आणले तर ते 'कारित' झाले. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही आपल्याच खात्यावर लिहिले जातात. भुंगे आपणहून आले तर तो त्यांचा आणि ढेकणांचा प्रश्न.

मग मी काय करते? कुंड्या दाटीवाटीने ठेवत नाही, वारा खेळता राहील असे बघते. आठवड्यातून दोनदा पानांची मागची बाजू पाहते. फांद्या भिंतीला टेकू देत नाही, म्हणजे मुंग्यांना वाट राहत नाही. कुंडीच्या काठाला हळदीची रेघ ओढते, मुंग्या बहुधा मागे फिरतात. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवत नाही, त्यात मुंग्या बुडतात आणि डासही होतात. एखाद्या फांदीवर पांढरे दिसलेच तर तेवढी फांदी सावकाश कापून सोसायटीच्या मागच्या झुडपांत ठेवते. तिथे ते जीव जगतील याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि फांदी कापणे हीही हिंसा आहे. पण मारणे हा माझा हेतू नसतो, आणि इजा कमीत कमी व्हावी म्हणून जेवढे करता येते तेवढे मी करते. यत्नाचार म्हणतात तो एवढाच. आणि कीड सगळ्या झाडावर पसरली तर त्या वर्षी त्या झाडाचे फूल खायचे नाही. झाड गेले तर जाऊ द्यावे. कुंडी रिकामी राहिली म्हणून कोणाचे जेवण अडत नाही.

यावर सून म्हणाली, "आई, मग बाजारातल्या भेंडीचे काय? तिच्यावर तर किती फवारतात!" बरोबर आहे. ती फवारणी दुसऱ्याने केली म्हणून आपले खाते कोरे राहत नाही, आपण विकत घेतो म्हणून तो फवारतो. पण पोट भरायला भाजी लागते, जास्वंद लागत नाही. जिथे गरज आहे तिथे घात सोसावा लागतो, तोही कमी करत जावे. जिथे नुसती हौस आहे तिथे हिशेब कडक हवा. घरी एक झाड लावल्याचा माझ्या मते हाच मोठा फायदा आहे. ताटातल्या प्रत्येक वस्तूमागे काय काय घडते ते एका कुंडीत दिसते. मंडईत ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पनवेलमधल्या प्रत्येक कंपाउंडवाल्या बाईला पटेल. सकाळी सहा वाजता फिरायला निघालेली सज्जन माणसे हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या जास्वंदी उतरवत जातात. अष्टविनायकांतले पाली आणि महड आपल्याच रायगड जिल्ह्यातले, इकडे गणपतीवर सगळ्यांची भक्ती, आणि गणपतीला लाल जास्वंद प्रिय. भक्तीबद्दल आदर आहे. पण न दिलेले घेणे याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात, मग ते देवासाठी का असेना. बेल वाजवून मागा, कोणी नाही म्हणत नाही. हे मी माझ्या जैन मैत्रिणींनाही सांगते, दुसऱ्याच्या कुंपणावरचे फूल सरबतात चालत नाही.

याच्याच दुसऱ्या बाजूची एक गोष्ट मला फार आवडते. भाद्रपदात गणपती बसतात चतुर्थीला आणि आपला दशलक्षण सुरू होतो पंचमीला. दोन्ही संपतात अनंत चतुर्दशीला. म्हणजे ज्या दिवसांत सगळ्या गावाला जास्वंद हवी असते, नेमक्या त्याच दिवसांत आपण हिरवे सोडलेले असते. त्यामुळे ते दहा दिवस झाड शेजाऱ्यांचे. ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांनी यावे, आपल्या हाताने फुले न्यावीत, एक-दोन झाडावर राहू द्यावीत. त्यांचा मोदक आपल्याकडे येतो, आपण चतुर्दशीनंतर क्षमा मागायला त्यांच्याकडे जातो. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

शेवटी ताईच्या आक्षेपाकडे येते, कारण तो सगळ्यांत मजबूत आहे. ती म्हणते, "गरज नाही हे तू स्वतःच लिहितेस, मग सोडून का देत नाहीस?" याला माझ्याजवळ एकच प्रामाणिक उत्तर आहे. सगळे एकदम सुटत नाही. ज्या ठिकाणी आचार्यांनी ती यादी दिली ते भोगोपभोग परिमाण व्रताचे प्रकरण आहे. परिमाण म्हणजे माप. जे सोडता येते ते सोडावे आणि उरलेल्याला माप लावावे. मी जास्वंदीला माप लावले आहे, महिन्यातून दोन वेळा, एका वेळी आठ फुले, फक्त घरच्या न फवारलेल्या झाडाची, चातुर्मासात अजिबात नाही. वर्षाचे आठ महिने धरले तर १२८ फुले होतात. मागच्या वर्षी माप महिन्याला तीन वेळांचे होते, पुढच्या वर्षी एकाचे करायचा विचार आहे. ताई जिथे उभी आहे तिकडेच मी चालले आहे, माझी चाल हळू आहे इतकेच.

तेव्हा सुनेला माझे उत्तर, की करून बघ, पण मोजून, आणि मध नको. मंदिरातल्या मैत्रिणीला उत्तर, की गोळी सोडू नकोस. आणि तुम्हा सगळ्यांना विनंती, की जास्वंद खा अगर खाऊ नका, घरात फवाऱ्याची बाटली असेल तर आज तिच्यावरचे लेबल एकदा चष्मा लावून वाचा. ती कशासाठी आणली, आणि तिने मरते कोण, एवढे स्वतःला विचारा.

जय जिनेंद्र.